बी विंगमधला होकार

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. दुपारी कुठल्यातरी मजल्यावरून भाजणीचा खमंग वास यायला लागतो, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चांगुलपणाला ऊत येतो. यंदा सेक्रेटरींनी एका बातमीचं कात्रण टाकलं. कुठल्याशा सर्वेक्षणात म्हणे असं दिसून आलंय की उपनगरातला मध्यमवर्ग आता फार मोकळ्या मनाचा झालाय. जातपात मानत नाही, मुलामुलींनी कोणाशीही लग्न करावं म्हणतो, शेजारी कोणी का राहेना. खाली सेक्रेटरींनी स्वतः लिहिलं होतं, “अभिमान वाटतो!” त्याखाली टाळ्या वाजवणाऱ्या हातांची रांग. त्या रांगेनंतर लगेच पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थांचा मेसेज: “टू बीएचके भाड्याने देणे आहे. फॅमिलीच हवी. आपल्यापैकी असल्यास प्राधान्य.” त्यालाही अंगठ्यांची रांग. मी रिकामटेकडी असल्यामुळे नावं ताडून पाहिली. टाळ्या आणि अंगठे जवळपास त्याच लोकांचे होते.

या माणसांची मला चीड येते असं म्हणणं म्हणजे त्यांना जरा जास्तच मान दिल्यासारखं होईल. चीड यायला समोरच्याकडून काही अपेक्षा असावी लागते. मला त्यांच्याबद्दल तुच्छता वाटते, स्वच्छ आणि जुनी. ती मी सतरा-अठरा वर्षांपूर्वीच्या एका ऑक्टोबरात कमावली. ती सगळी दुसऱ्यांच्याच वाट्याची आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. दहिसरच्या चाळीत आईबरोबर राहत होते आणि अंधेरीतल्या एका सर्वेक्षण कंपनीत फील्डवर होते. फील्डवर म्हणजे दारोदार. खांद्याला फॉर्मची पिशवी, हातात क्लिपबोर्ड आणि गळ्यात नावाचं कार्ड, दिसेल असं. सोसायटीच्या गेटपाशी उभं राहायचं, उजव्या हाताने सुरुवात करायची, दर तिसरं दार वाजवायचं. जे दार येईल ते. आपल्या पसंतीचं दार निवडायचं नाही. दार उघडलं की हसायचं, बसायला सांगितलं तर बसायचं, आणि प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा. उत्तर मिळालं की त्या उत्तराच्या चौकटीत खूण. आपण हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, भुवया उंचावायच्या नाहीत. मान मात्र हलवायची, ऐकतेय एवढं कळण्यापुरती. हे सगळं आम्हाला दळवी सरांनी दोन दिवस शिकवलं होतं. दळवी सर म्हणजे आमचे सुपरवायझर, सतत घाम पुसणारा आणि सतत घाईत असलेला माणूस.

त्या वेळचा फॉर्म सामाजिक प्रश्नांबद्दलच्या मतांचा होता. तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या जातीत लग्न केलं तर चालेल का? मुलीला वडिलांच्या घरात मुलाइतकाच वाटा मिळावा का? घरी कामाला येणाऱ्या बाईंना घरच्याच कपातून चहा द्यावा का? शेजारचा फ्लॅट कुठल्याही जातीधर्माच्या माणसाला दिला तर चालेल का? प्रत्येक प्रश्नापुढे पाच उत्तरं, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत, आणि मधोमध ‘सांगता येत नाही’.

सरावासाठी पहिला फॉर्म घरच्या माणसावर भरायचा होता. मी आईला बसवलं. ती चुलीपुढची माणूस, मालवणहून लग्न होऊन आली तेव्हापासून बाबांच्या गिरणीची पाळी, संप, सगळं पाहिलेली. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. फॉर्म पाहून ती म्हणाली, “खरा सांगू काय बरा दिसात ता सांगू?”

“तुका व्हया ता सांग गो.”

“मगे लिही. दुसऱ्या जातीत लगीन केल्यान तर चलात. लोकांच्या पोरांनी.” आणि ती तांदूळ निवडायला लागली. “लोक काय बोलतत नि काय करतत ता मी हयसूनच सांगतंय. तेका फॉरम कित्याक व्हयो?”

मला तेव्हा तिचा राग आला होता. नवी नवी नोकरी, आपण समाजाचं मन मोजायला निघालोय असा काहीतरी भाव अंगात होता. आता वाटतं, तिला कंपनीत घेतलं असतं तर कंपनीचे बरेच कष्ट वाचले असते.

माझ्याबरोबर जोडीला प्रज्ञा होती. प्रज्ञा कांबळे, गोवंडीची. तिचेही वडील गिरणीत होते, गाव रत्नागिरीकडचं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण फील्डवर माझ्याहून जुनी. तिचं अक्षर सुंदर होतं आणि पाठ इतकी ताठ की दुपारी तीन वाजताही ती नुकतीच आंघोळ करून निघालीय असं वाटे. एक सोसायटी आली की आम्ही विंगा वाटून घ्यायचो आणि दुपारी कुठल्यातरी जिन्याच्या सावलीत डबे उघडायचो. तिच्या डब्यात बहुतेक वेळा सुकटीची चटणी असायची आणि मी माझी बटाट्याची भाजी तिच्याकडे ढकलून तिची चटणी खायचे. ती बोलायला एकदम तिखट. हसायची मात्र आवाज न करता, फक्त खांदे हलवून.

त्या वर्षीचा ऑक्टोबर मेला जाळत होता. घाटकोपर, मुलुंड, रस्ते नुसते तापलेले, आणि घराघरांत दिवाळीची आवराआवर. गच्चीवर गाद्या उन्हात टाकलेल्या. माळ्यावरून काढलेली पितळेची भांडी चिंच लावून घासून बाल्कनीत पालथी घातलेली. दार उघडणाऱ्या बाईच्या हाताला कधी बेसन, कधी जाळीजळमटांची धूळ. आकाशकंदिलाचा सांगाडा घेऊन कोणीतरी स्टुलावर चढलेलं. अशा घरात पाऊल टाकलं की आधी पंख्याखालची जागा मिळायची, मग पाणी, मग पहिल्या घाण्यातली एखादी चकली, चव बघायला. आणि या सगळ्याच्या आधी, चपला काढता काढताच, एक प्रश्न यायचा. आम्ही प्रश्न विचारायला गेलेल्या, पण पहिला प्रश्न नेहमी त्यांचा असायचा.

“आडनाव काय म्हणालात?”

कोणी थेट विचारायचं. कोणी चष्मा शोधून गळ्यातलं कार्ड वाचायचं. जास्त शिकलेले लोक गाव विचारायचे, मग मला “कोणत्या सावंतांपैकी?” असं करत करत मुक्कामाला पोचायचे. आणि एकदा का ते पोचले की चेहरा सैल व्हायचा, मग फॉर्म सुरू. आम्ही समाजाची मतं नोंदवायच्या आधी समाज आमची नोंद करून घ्यायचा. हे दळवी सरांच्या प्रशिक्षणात कुठे नव्हतं, अहवालात कुठे छापलं गेलं नाही, आणि तरी ज्याच्या जोरावर सगळी उत्तरं ठरायची ते हेच होतं.

प्रज्ञाला हे माझ्या कितीतरी आधी कळलेलं होतं. मुलुंडच्या एका जिन्यात डबा खाताना ती म्हणाली, “मी गेले ना, की लोकांना एकदम संविधान आठवतं. यार, इतकी चांगली चांगली माणसं. जातपात? छे छे. आंतरजातीय? कराच म्हणतात. पाच मिनिटांसाठी का होईना, मी लोकांना सुधारते बघ.”

“मग तू काय लिहितेस?”

“ते सांगतात ते. नियम आहे ना?” आणि तिचे खांदे हलायला लागले. “आज त्या बी विंगच्या काकूंनी तर मला सांगितलं, आमच्याकडे सगळे सारखे. आणि पाणी दिलं कागदाच्या ग्लासात. म्हणे भांडी घासायला काढलीत.”

मला ए विंगमध्ये फुलपात्रातून पाणी मिळालं होतं. वाळ्याचं, थंडगार. हे मी तिला सांगितलं नाही.

माझ्या विंगमध्ये माणसं जीभ मोकळी सोडायची. लग्नाचा प्रश्न वाचला की एखादी काकू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणायची, “आता तुला काय सांगायचं, आपल्यात नाही ना चालत.” त्यातलं ते ‘आपल्यात’ माझ्या अंगावर शालीसारखं टाकलं जायचं, आणि मी ते काढून ठेवत नव्हते. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, “मुलींना वाटा देऊन भावाबहिणीत वितुष्ट येतं, हे तुम्हाला पटतच असेल.” मी मान हलवली. ती ऐकतेय एवढं कळण्यापुरती नव्हती, जरा खालीपर्यंत गेली. आपल्या बाजूची मुलगी आहे असं वाटलं की लोक फॉर्म पटापट भरतात, मध्ये उठत नाहीत, दुसरी चकली देतात. चकल्या उत्तम होत्या, हे मी कबूल करते. एकदा तर मी चक्क “हो ना काकू” म्हणाले. त्या घरातून निघताना मला हातात पुडी मिळाली होती, शेवेची.

आणि मी त्या लोकांना मनातल्या मनात हसत होते, हे विशेष. बाहेर आले की प्रज्ञाला त्यांच्या नकला करून दाखवायचे. चष्मा नाकावर घेऊन कार्ड वाचणारे आजोबा मला छान जमायचे.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा दळवी सरांनी आम्हाला अंधेरीच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर मुलुंडच्या त्या सोसायटीचे दोन गठ्ठे होते, एक माझा, एक प्रज्ञाचा. पंखा फिरत होता आणि प्रत्येक गठ्ठ्यावर त्यांनी पेपरवेट म्हणून चहाचा कप ठेवला होता.

“काय गं हे? एकच सोसायटी, एकच बिल्डर, मेंटेनन्ससुद्धा सेम. ए विंगमध्ये सगळे सनातनी आणि बी विंगमध्ये सगळे समाजसुधारक? मध्ये काय भिंत बांधलीये काय?”

प्रज्ञा म्हणाली, “सर, मला जे सांगितलं ते लिहिलंय.”

“सगळीच्या सगळी उत्तरं पूर्ण सहमत? अगं, एवढं तर माझी बायको पण माझ्याशी सहमत होत नाही. घरी बसून खुणा मारल्यास काय?”

खोलीत अजून तीन-चार मुली होत्या. आमच्या धंद्यात घरी बसून फॉर्म भरणं याहून मोठी चोरी नाही. एकदा तो शिक्का बसला की या कंपनीतच काय, कुठल्याच कंपनीत उभं करत नाहीत, कारण सगळे सुपरवायझर एकमेकांना ओळखतात. प्रज्ञाच्या घरात तेव्हा तिची नोकरी ही एकच नोकरी होती. वडील खोकून खोकून घरात बसलेले, भाऊ शिकत होता. शिवाय दिवाळीनंतर आमच्यातल्या एकीला फील्ड सुपरवायझर करणार असं सरांनी सूचित केलं होतं आणि ती एक म्हणजे प्रज्ञा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती तेव्हा हसली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, “सर, बॅकचेक करा. कोणालाही पाठवा.”

बॅकचेक म्हणजे फेरतपासणी. त्याच घरी दुसऱ्या कोणीतरी जायचं, तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, आणि आधीची उत्तरं जुळतात का पाहायचं. सरांनी खोलीभर नजर फिरवली आणि मला पाठवलं. त्यात कट वगैरे काही नव्हता. मुलुंडचा गेटवरचा वॉचमन मला ओळखत होता, एवढंच.

मी खुशीत गेले. अगदी खरं सांगते, मैत्रिणीला सोडवायला निघाले होते. दोन-चार घरं, उत्तरं जुळतील, आणि सरांचं तोंड बंद होईल असा हिशोब होता. तो धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीचा दुपारचा सुमार होता. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर कागदी ग्लासवाल्या काकूंनी दार उघडलं. कार्ड वाचलं. “सावंत! ये, ये बाळ. किती ऊन गं बाहेर.” पाणी आलं. फुलपात्रातून.

काका पेपर वाचत बसले होते, बँकेतून निवृत्त झालेले, सदऱ्याला कडक इस्त्री. मी पहिला प्रश्न वाचला, लग्नाचा. काका म्हणाले, “नाही. स्पष्ट नाही.” मी म्हटलं, काका, गेल्या आठवड्यात तुम्ही पूर्ण सहमत सांगितलं होतं, असं फॉर्ममध्ये दिसतंय. काकाकाकूंनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही कसनुसं हसले, एखाद्या लहान मुलाला गोड थाप मारताना पकडलं जावं तसे.

“अगं, ती तुमची मुलगी आली होती ना, कांबळे,” काकू म्हणाल्या, “गुणी हो पोरगी. उन्हातान्हाची फिरत होती बिचारी. तिच्या तोंडावर कसं सांगणार? वाईट नसतं वाटलं तिला?”

“आपल्याला काही सेन्स आहे की नाही?” काका म्हणाले. “तू आपली आहेस, तुला खरं सांगायला हरकत नाही.”

त्यांना त्यात काडीचंही वावगं वाटत नव्हतं. उलट आपण किती मन जपणारी माणसं आहोत याचं समाधान त्या दोघांच्या तोंडावर होतं. त्यांनी तिला खोटं सांगितलं ते तिच्यावर केलेले उपकार म्हणून. आणि त्या उपकारापायी ती अंधेरीत खोटारडी ठरत होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पुढचे प्रश्नही तसेच. वाटा? नाही. शेजार? “बघ, आम्हाला चालेल गं, पण बाकीच्यांचा विचार करावा लागतो.” कपाच्या प्रश्नावर काकू जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, “वेगळा कप स्वच्छतेसाठी असतो.” मी सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. नियमच होता.

वरच्या दोन मजल्यांवरही तेच. एका घरात कंदिलाला झिरमिळ्या लावणाऱ्या बाई म्हणाल्या, “हो हो, आली होती ना ती. आम्ही काय, तिला बरं वाटेल ते सांगितलं.” कोणीही लाजलं नाही. कोणीही आवाज खाली केला नाही.

तेव्हा जे माझ्या डोक्यात शिरलं ते अजून निघालेलं नाही. लोक अडाणी आहेत, त्यांना समजावून सांगायला हवं, प्रबोधन हवं, असं आपण म्हणत असतो. साफ खोटं. बी विंगमधल्या एकूण एक माणसाला बरोबर उत्तर पाठ होतं. कुठल्या प्रश्नाला काय म्हटलं म्हणजे माणूस सुसंस्कृत ठरतो हे त्यांना प्रज्ञापेक्षाही नीट माहीत होतं आणि ती समोर बसली असताना त्यांनी ते न चुकता म्हणून दाखवलं. सर्वेक्षणातून काही कळत असेल तर एवढंच कळतं, की चांगलं काय ते सगळ्यांना माहीत आहे. मग अज्ञानाची सबब कोणालाच उरत नाही. आमच्या सेक्रेटरींनाही नाही, पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थांनाही नाही.

फेरतपासणीच्या कागदावर दोन रकाने असतात, आधीचं उत्तर आणि आताचं उत्तर. सगळ्यात खाली ‘शेरा’ म्हणून मोकळी जागा. मी बी विंगच्या जिन्यात बसले आणि ते कागद मांडीवर घेतले. खालून कोणाच्या तरी घरून शंकरपाळ्यांचा तुपकट वास येत होता. एकाही ओळीत उत्तर जुळत नव्हतं. हे असंच दिलं तर प्रज्ञा संपली. शेऱ्यात एकच वाक्य लिहायचं होतं: या लोकांनी आधी वेगळी उत्तरं दिल्याचं स्वतः कबूल केलं आहे, आणि ती विचारणारीचं आडनाव पाहून दिली होती.

मी पेनाचं टोपण काढलं. मग विचार करायला लागले, आणि तिथेच घात झाला. हे लिहिलं तर सर विचारणार, मग तुझ्या ए विंगची उत्तरं कशी आली? तुझंही आडनाव पाहूनच ना? मग मला सांगावं लागलं असतं की हो, तिथे मी नुसती मान हलवत नव्हते, ‘हो ना काकू’ म्हणत होते. माझे फॉर्मही बाद झाले असते. बाकीच्या मुलींसमोर जातीचा विषय काढणारी म्हणून मी वेगळी पडले असते. आणि सुपरवायझरची ती एक जागा होती. ती माझ्या डोक्यात नव्हती असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. होती. जिन्याच्या त्या पायरीवर ती माझ्या शेजारीच बसलेली होती.

मी टोपण लावलं. कागद ऑफिसात दिले. सरांनी दोन रकाने पाहिले आणि तोंडाने फक्त ‘चक्’ असा आवाज केला. प्रज्ञाचा सगळा गठ्ठा बाद झाला, मुलुंडचा आणि घाटकोपरचाही. दिवाळी झाल्यावर मी फील्ड सुपरवायझर झाले. पुढे दहा वर्षं नव्या नव्या मुलींना मी शिकवलं, मत द्यायचं नाही, भुवया उंचावायच्या नाहीत, जे सांगतील तेच लिहायचं. त्या वर्षीचा अहवाल आला तेव्हा त्यात लिहिलं होतं की उपनगरी समाजाची भूमिका ‘संमिश्र’ आहे. चांगल्या गुळगुळीत कागदावर, रंगीत आलेखांसकट. ज्यांनी तो लिहिला ते मुलुंडला कधी गेले असतील असं वाटत नाही, आणि गेले असते तरी त्यांना फुलपात्रातूनच पाणी मिळालं असतं.

परवा त्या रस्त्याने गेले होते. सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे, दोन्ही विंगा पाडून टाकल्यात, पत्र्याच्या कुंपणावर नव्या टॉवरचं चित्र लावलंय. चित्रात सगळ्या बायका एकसारख्या हसताहेत. मी रिक्षा थांबवली नाही.

तुच्छता ही फार सोयीची गोष्ट आहे. मी ती इतकी वर्षं वापरली. सेक्रेटरींना पाहिलं की येते, कात्रण पाहिलं की येते, काकाकाकू आठवले की येते. लिहायला बसले की शब्द कसे झरझर येतात, वरच्या पानावर पाहिलंच असेल. काकूंनी निदान तिला घरात घेतलं होतं, पंख्याखाली बसवलं होतं. मी तिची चटणी खाल्ली होती. आणि तिला माझ्या दहिसरच्या घरी, दिवाळीला म्हणा, कधीही म्हणा, मी बोलावलं नव्हतं. का, ते मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

दिवाळी संपल्यावर प्रज्ञा ऑफिसात पिशवी आणि गळ्यातलं कार्ड परत करायला आली. संध्याकाळचे पाच वाजले होते. मी तिला सोडायला खाली बसस्टॉपपर्यंत गेले. रस्त्याच्या कडेला फटाक्यांच्या लाल कागदांचा कचरा अजून पडलेला होता. तो पायाने बाजूला सारत ती स्टॉपवर उभी राहिली. मग म्हणाली, “बी विंगला तूच गेली होतीस ना?”

“हो.”

“काय म्हणाली ती कागदी ग्लासवाली?”

मी सांगितलं. जसंच्या तसं. तुला वाईट वाटू नये म्हणून ते तसं म्हणाले होते, हेही सांगितलं. तिचे खांदे हलतील असं मला वाटलं होतं. नाही हलले.

“म्हणजे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. मग ते लिहायचं ना गं. खाली शेरा असतो. जागा नव्हती काय?”

“होती.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, बस येते त्या बाजूला पाहत राहिली. “सर आहेत अजून वर,” ती म्हणाली. “नवीन फॉर्मचं काम सोमवारी सुरू होतंय. तू आत्ता जाऊन एवढं सांगितलंस ना, तर मला परत घेतील. मी बोलले तर खोटं वाटेल. तू सांगितलंस तर ऐकतील. सांगशील?”

“हो गं, सांगते ना,” मी लगेच म्हणाले. “म्हणजे काय, सांगणारच. आत्ताच जाते वर.” आणि शिवाय तिचा हात धरला, दोन्ही हातांनी.

आता तिने पाहिलं, अगदी नीट. त्या महिन्याभरात तिने असे कितीतरी होकार समोर बसून लिहून घेतले होते. “बरं,” ती म्हणाली, हात सोडवून घेतला, आणि बस आली तशी चढून गेली.

दळवी सर त्या दिवशी सात वाजेपर्यंत ऑफिसात होते.